गुप्त करार व तिसरा मनुष्य

दोन माणसांनी आपसांत काही ठरवावे, ते कागदावर लिहावे, त्यावर सह्या कराव्या आणि पुढे ते पाळावे, यात वाईट ते काय? दिलेला शब्द पाळणारा मनुष्य भला, व शब्द मोडणारा लबाड, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु सर्वच शब्द पाळण्याजोगे असतात काय? आणि जो शब्द दोघांनी एकमेकांस दिला, पण दिला तो तिसऱ्याच्या शेताविषयी, त्याच्या पाठीमागे, त्यास शब्द म्हणावे की दुसरे काही? प्रश्न वरवर पाहता सोपा दिसतो; तथापि गेल्या शतकातील मोठमोठ्या राष्ट्रांस तो सुटला नाही, आणि त्याचे फळ कोट्यवधी गरीब लोकांस भोगावे लागले. यास्तव त्या राष्ट्रांच्या इतिहासातील एक प्रसंग वाचकांपुढे ठेवून त्यापासून काय बोध घ्यावयाचा, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

तो प्रसंग १९३९ सालच्या ऑगस्ट महिन्यातील होय. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबरच्या अखेरीस, जर्मनीतील म्यूनिक शहरी जर्मनी, इटली, इंग्लंड व फ्रान्स या चार राष्ट्रांचे पुढारी जमले, आणि चेकोस्लोव्हाकिया या पाचव्या राष्ट्राचा सरहद्दीवरील मुलूख जर्मनीस द्यावा असे त्यांनी ठरविले. ज्याचा मुलूख द्यावयाचा त्यास बैठकीत बसविलेच नव्हते. झालेला निर्णय मात्र त्यास कळविण्यात आला. रशियासही बोलावणे नव्हते. इतके देऊन शांतता टिकेल अशी इंग्लंडचे मुख्य प्रधान चेंबरलेन यांची आशा होती. ती सहा महिनेही टिकली नाही. १९३९ च्या मार्च महिन्याच्या १५ तारखेस जर्मन सैन्य प्राग शहरात शिरले. तेव्हा इंग्लंडचे डोळे उघडले, व त्याच महिन्याच्या ३१ तारखेस चेंबरलेन यांनी पार्लमेंटात जाहीर केले की, पोलंडच्या स्वातंत्र्यावर घाला आला तर इंग्लंड त्याच्या साहाय्यास जाईल.

आता पोलंडची स्थिती पाहा. त्याच्या एका अंगास जर्मनी व दुसऱ्या अंगास रशिया. अठराव्या शतकात शेजाऱ्यांनी त्याचे तुकडे करून वाटून घेतले होते, आणि शंभरांहून अधिक वर्षांनी, १९१८ साली, ते पुन्हा स्वतंत्र झाले होते. अशा राष्ट्राने शेजाऱ्यांचे लेखी वचन घ्यावे हे स्वाभाविकच होते, आणि त्याने ते घेतलेही होते. एकमेकांवर हल्ला करणार नाही असा तह त्याने १९३२ साली रशियाशी केला, व तशाच आशयाचा ठराव १९३४ साली जर्मनीशी केला. पैकी जर्मनीचा ठराव हिटलरने १९३९ च्या एप्रिलमध्ये रद्द केल्याचे जाहीर केले. रशियाशी झालेला तह मात्र कायम होता. पोलंडच्या पेटीत कागद होते, पण त्या कागदांच्या मागे उभे असलेले मन कोणते, हे त्यास ठाऊक नव्हते.

त्या उन्हाळ्यात जगातील प्रत्येक राजधानीत एकच विचारणा होती : रशिया कोणाच्या बाजूस जाणार? इंग्लंड व फ्रान्स यांचे रशियाशी बोलणे चालू होते; पण ते मनापासून चालले आहे असे पाहणारास वाटत नसे. ऑगस्टमध्ये या दोन राष्ट्रांनी आपले सेनाधिकारी मॉस्कोस धाडले, ते विमानाने नव्हे, तर सावकाश चालणाऱ्या एका प्रवासी जहाजाने. ५ ऑगस्टला निघालेली ही मंडळी ११ तारखेस मॉस्कोत पोहोचली. इंग्रज पथकाचे प्रमुख ॲडमिरल ड्रॅक्स यांच्यापाशी सही करण्याचे लेखी अधिकारपत्रही आरंभी नव्हते. रशियाचे युद्धमंत्री व्होरोशिलोव्ह यांनी त्यांस सरळच विचारले की, जर्मनीशी लढावयाचे तर आमच्या सैन्याने पोलंड व रुमानिया यांच्या भूमीवरून जावयाचे की नाही? याचे उत्तर पाहुण्यांपाशी नव्हते; कारण पोलंडचा त्यास रुकार नव्हता. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्याशी आपण लढलो त्यांचे सैन्य एकदा घरात शिरले तर परत जाणार नाही, ही त्यांची भीती. ती भीती पोकळ नव्हती हे पुढे दिसून आले.

एकीकडे हे बोलणे असे रेंगाळत असता दुसरीकडे रशियाचे जर्मनीशी निराळे बोलणे चालले होते. हिटलरने आपला परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यास विमानाने पाठविले. तो २३ ऑगस्टला दुपारी मॉस्कोत उतरला, आणि मध्यरात्र उलटल्यावर रिबेनट्रॉप व रशियाचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह यांनी तहावर सह्या केल्या. स्टालिन जवळ उभा होता. काल परवापर्यंत ज्यांची वर्तमानपत्रे एकमेकांस रोज शिव्या देत होती, त्यांनी त्या रात्री एकमेकांच्या नावाने प्याले उचलले.

या तहाचे दोन भाग होते, आणि आमच्या विषयाचे सारे मर्म या दोन भागांतील फरकात आहे. पहिला भाग उघड होता. त्यात सात कलमे होती : दहा वर्षे एकमेकांवर हल्ला करू नये, एकमेकांविरुद्ध असलेल्या गटात सामील होऊ नये, वाद उत्पन्न झाल्यास सामोपचाराने मिटवावा, इत्यादी. तो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. दुसरा भाग म्हणजे एक गुप्त पुरवणी. तिच्यात असे लिहिले होते की, फिनलंड, एस्टोनिया व लाट्व्हिया हे देश रशियाच्या वाट्याचे, लिथुएनिया जर्मनीच्या वाट्याचा, आणि पोलंड नारेव्ह, व्हिस्टुला व सान या नद्यांच्या रेषेने दोघांचा; रुमानियातील बेसराबिया प्रांतावरही रशियाने आपला हेतू नोंदवून ठेवला. पोलंडचे स्वतंत्र राज्य मुळात राहू द्यावे की नाही, हे पुढे परिस्थिती पाहून ठरवावयाचे होते. शेवटी, हा कागद उभय पक्षांनी अगदी गुप्त ठेवावा, असे त्या कागदातच नमूद होते.

वाचकहो, गावात दोन जमीनदार रात्री एका घरी बसले, आणि त्यांनी विधवेचे शेत ओढ्याच्या अलीकडचे तुझे व पलीकडचे माझे असे वाटून घेतले, तर त्या कागदास आपण काय म्हणू? त्यावर मुद्रांक असला, सह्या असल्या, दोघे तो प्रामाणिकपणे पाळीत असले, तरी तो करार नव्हे. तो कट होय. अहाब राजा व नाबोथाचा द्राक्षमळा ही कथा आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तेथेही पत्रे होती, राजाची मुद्रा होती, न्यायसभाही भरली होती. उणे होते ते एवढेच की, नाबोथाचे भवितव्य ठरले त्या घरात नाबोथ नव्हता.

आता या गुप्तपणाने जगाची काय दशा झाली ती पाहा. उघड तह वाचून प्रत्येकजण तर्क करू लागला. बारकाईने वाचणाऱ्या मुत्सद्द्यांस एक उणीव खटकली. रशियाने पूर्वी इतर देशांशी केलेल्या अशा तहांत बहुधा एक अट असे, ती ही की, एका पक्षाने तिसऱ्या देशावर आपण होऊन हल्ला केला तर दुसरा पक्ष तहातून मोकळा होईल. या तहात ती अट नव्हती. लिहिले होते त्यापेक्षा गाळले होते तेच अधिक बोलके होते. तथापि नक्की काय ठरले आहे हे कोणासच कळेना. जपान जर्मनीचा मित्र. १९३६ साली साम्यवादी चळवळीविरुद्ध दोघांचा करार झालेला. आणि या वेळी मंगोलियाच्या सरहद्दीवर जपानी सैन्य रशियाशी प्रत्यक्ष लढत होते. त्यास न विचारता मित्राने त्याच्या शत्रूशी हातमिळवणी केली. युरोपातील स्थिती आपल्या आकलनापलीकडची झाली आहे अशा आशयाचे उद्गार काढून जपानचे मुख्य प्रधान हिरानुमा यांनी २८ ऑगस्टला राजीनामा दिला. देशोदेशीच्या साम्यवादी पक्षांची तर मोठी फजिती झाली. नाझींशी लढा, असे जे काल सांगत होते त्यांस आज निराळे सांगावे लागले, व पुष्कळ प्रामाणिक माणसांनी खिन्न मनाने पक्ष सोडला.

आणि ज्यांस खरे कळले त्यांनी काय केले? मॉस्कोतील जर्मन वकिलातीत हान्स फॉन हर्वार्थ नावाचा एक तरुण अधिकारी होता. आपल्या सरकारचे कृत्य त्याच्या मनास रुचले नाही, व सह्या झाल्या त्याच दिवशी, २४ ऑगस्टला, त्याने अमेरिकन वकिलातीतील चार्ल्स बोलेन यास गुप्त पुरवणीतील मुख्य गोष्टी सांगितल्या. बोलेन याने ती बातमी वॉशिंग्टनला कळविली. म्हणजे सह्यांची शाई वाळते न वाळते तोच एका बलाढ्य सरकारास खरी हकीकत समजली होती. तरीही जगापुढे ती ठेवण्यात आली नाही. राजकारणात असे मौन नित्याचे असते, असे कोणी म्हणेल. असेल. पण शेजाऱ्याच्या घरावर दरोडा पडणार हे ज्यास कळले व जो गप्प राहिला, त्याच्या मौनाचा हिशोबही या प्रकरणात मांडला पाहिजे.

पुढील वृत्तांत प्रसिद्ध आहे. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. ३ सप्टेंबरला इंग्लंड व फ्रान्स यांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून रशियन सैन्य पोलंडात शिरले. रशियाने पोलंडशी केलेला तह तेव्हाही लागू होता, त्याचे काय? मॉस्कोतील पोलिश राजदूतास मध्यरात्रीनंतर बोलावून सांगण्यात आले की, पोलंडचे राज्यच आता अस्तित्वात नाही, सबब त्याच्याशी झालेले तहही उरले नाहीत. राजदूताने तो खलिता स्वीकारण्याचे नाकारले. पण त्याच्या नकाराने काय होणार? वचन मोडण्याची ही रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आधी धनकोस मारावे आणि मग म्हणावे की, देणे कोणाचे? धनको तर नाहीच. २८ सप्टेंबरला उभय राष्ट्रांनी नवी सरहद्द आखून नकाशावर सह्या केल्या, व लिथुएनियाही रशियाच्या वाट्यास गेला. नोव्हेंबरच्या अखेरीस फिनलंडवर हल्ला झाला, आणि १९४० च्या उन्हाळ्यात एस्टोनिया, लाट्व्हिया व लिथुएनिया ही तिन्ही राष्ट्रे गिळली गेली. या चारही देशांशी रशियाचे अनाक्रमणाचे तह झालेले होते.

येथे न्यायाने वागावयाचे तर दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. रशियाच्या वतीने असे सांगण्यात येते की, म्यूनिक येथे पाश्चात्त्य राष्ट्रांनी आम्हांस वगळून हिटलरशी समेट केला. मॉस्कोस त्यांनी अधिकारपत्राशिवाय माणसे धाडली. हिटलरला पूर्वेकडे वळवून आपण मजा पाहावी असा त्यांचा डाव होता. मग आम्ही आमचे घर वाचविण्यासाठी थोडा अवधी विकत घेतला तर काय चुकले? या म्हणण्यात तथ्यांश नाही असे आम्ही म्हणत नाही. म्यूनिकचे कृत्य लाजिरवाणे होते, आणि इंग्लंड-फ्रान्सची मॉस्कोतील बोलणी अर्ध्या मनाची होती. संकटातील मनुष्याने शत्रूशीही, तू मला मारू नको, मी तुला मारीत नाही, असा ठराव केला तर त्यास आम्ही पाप म्हणणार नाही. उघड तहाची सात कलमे एवढेच जर त्या रात्री घडले असते, तर त्यास फार तर कोणी अविचार म्हटले असते.

परंतु आपले घर वाचविणे ही एक गोष्ट, आणि त्या निमित्ताने शेजाऱ्याचे घर वाटून घेणे ही दुसरी. भय हे पहिलीचे कारण होऊ शकते, दुसरीचे नव्हे. भ्यालेला मनुष्य दार लावून घेतो. तो चोराबरोबर बसून शेजाऱ्याच्या भांड्यांची यादी करीत नाही. म्हणून या तहाविषयी जेव्हा कोणी विचारतो की, तो योग्य की अयोग्य, तेव्हा आम्ही उलट विचारतो : त्याच्या कोणत्या भागाविषयी बोलता? जो भाग छापला त्याविषयी, की जो लपविला त्याविषयी? लपविणारांस स्वतःसच तो फरक कळला होता. एरवी त्यांनी दोन कागद का केले असते?

यावरून आम्हांस एक कसोटी सापडते, आणि ती थोरांस लागू पडते तशीच लहानांसही. ज्याच्या हक्काविषयी हा ठराव आहे त्याच्या तोंडावर तो वाचून दाखविता येईल काय? जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९५ साली चिरंतन शांततेवर जो छोटा ग्रंथ लिहिला त्यात हाच विचार मांडला आहे. त्याचा आशय असा की, दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेले जे कृत्य उघड करताच फसते, ते अन्यायाचे समजावे. ही कसोटी सर्व गुपितांस लावावयाची नाही. वैद्याने रोग्याची गोष्ट मनात ठेवावी, घरातील दुःख घरात राहावे, सैन्याने आपली चाल शत्रूस सांगू नये. ज्या गुपितात तिसऱ्याचा घास आहे, त्यासच ही कसोटी लावावयाची.

आश्चर्य हे की, रशियाचे राज्यकर्ते या तत्त्वाशी अपरिचित नव्हते. १९१७ साली त्यांच्या हाती सत्ता आली तेव्हा झारच्या सरकारने इंग्लंड व फ्रान्स यांच्याशी केलेले गुप्त करार त्यांनीच जगापुढे छापून टाकले, व अशा चोरट्या राजकारणाचा जाहीर धिक्कार केला. तुर्कांचा मुलूख आपसांत वाटून घेण्याचा इंग्रज-फ्रेंचांचा बेत त्याच वेळी उघडकीस आला. त्यानंतर राष्ट्रसंघाच्या घटनेत, व १९४५ साली संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत, तह नोंदवून प्रसिद्ध करावे असे कलम घालण्यात आले. तत्त्व सर्वांस मान्य होते. १९१७ साली ज्यांनी परक्यांची गुपिते फोडली त्यांनीच बावीस वर्षांनी स्वतःचे गुपित केले. दुसऱ्याच्या पेटीचे कुलूप तोडणे सोपे. आपली पेटी उघडी ठेवणे कठीण.

आणि आमच्या वाचकांनी असे समजू नये की, हा दोष एकाच राष्ट्राचा होता. १९३९ च्या ३ सप्टेंबरला हिंदुस्थान युद्धात सामील आहे अशी घोषणा व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी केली, ती येथील लोकांच्या प्रतिनिधींस न विचारता. आणि त्या निषेधार्थ मुंबईसह अनेक प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी वर्षअखेरीपूर्वी राजीनामे दिले. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल व स्टालिन हे जमले. तेथे पोलंडची पूर्व सरहद्द ठरली, व त्या बैठकीत एकही पोलिश मनुष्य नव्हता. तेथेच, जपानविरुद्ध युद्धात उतरल्याबद्दल रशियास मांचुरियात काही हक्क मिळावेत असे गुप्तपणे ठरले, आणि मांचुरिया ज्याचा, त्या चीनला विचारले नव्हते. रशिया व जपान यांच्यात तेव्हा तटस्थतेचा तह होता. त्याच भरवशावर जपानने पुढे त्या उन्हाळ्यात रशियास मध्यस्थी करण्याची विनंती केली. आणि ८ ऑगस्टला रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले. ज्या दाराशी जपान मदत मागत होता, त्या दाराआड सौदा होऊन सहा महिने झाले होते.

गुप्त करार करणारास तरी त्यापासून सुख लाभते काय? स्टालिनची गोष्ट पाहा. तहानंतर बावीस महिने त्याने जर्मनीस धान्य, तेल व कच्चा माल पुरविला. त्याच अवधीत जर्मनीने पूर्वेची काळजी न करता फ्रान्स जिंकला. विकत घेतलेला अवधी दोघांनीही वापरला. १९४१ च्या वसंतात जर्मन सैन्य सरहद्दीवर जमू लागले तेव्हा स्टालिनला इशाऱ्यांमागून इशारे आले. चर्चिलने निरोप पाठविला. टोकियोतून त्याच्याच हेराने, रिखार्ड सोर्गे याने, कळविले. पण त्यास कोणाचेच खरे वाटेना. इंग्लंड आपल्याला जर्मनीशी झुंजवू पाहत आहे, असे त्यास वाटे. मे महिन्यात हिटलरचा साहाय्यक हेस विमानाने स्कॉटलंडात उतरला तेव्हा इंग्रज व जर्मन यांचे आतून काही ठरते आहे असा त्याचा संशय अधिकच बळावला. ज्याने स्वतः आतून ठरविले होते त्यास सारे जग आतून ठरवीत आहे असे दिसू लागले, आणि खरे बोलणारा व खोटे बोलणारा यांतील भेद ओळखण्याची शक्तीच तो गमावून बसला. २२ जूनच्या पहाटे जर्मन सैन्य चालून आले. त्याच रात्री मालाने भरलेल्या रशियन आगगाड्या सरहद्द ओलांडून जर्मनीकडे जात होत्या. त्या युद्धात रशियाची सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसे मेली. त्यांतील किती जणांनी त्या कागदावर सही केली होती?

या इतिहासाचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत आला आहे, तो सांगितल्याविना हा विषय पुरा व्हावयाचा नाही. १९४० व १९४१ या वर्षांत पूर्व पोलंडातील काही लाख लोकांस, त्यांत बायका, मुले व वृद्ध पुष्कळ, घरांतून उठवून सायबेरिया व कझाकस्तानकडे नेण्यात आले. पकडलेले अधिकारी, पोलीस व इतर कैदी मिळून सुमारे बावीस हजार माणसे १९४० च्या वसंतात गोळ्या घालून मारली गेली. पुढे जर्मनीने हल्ला केल्यावर रशियास पोलिश लोकांची गरज भासली. १९४१ च्या जुलैअखेर त्यांच्याशी समेट झाला, व उरलेल्यांपैकी अनेकजण १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतील सुमारे पाच हजार जीव कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथील छावणीत, येऊन राहिले. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे त्यांच्या शाळा होत्या, देऊळ होते, मुलांचे खेळ होते. युद्ध संपले तरी बहुतेकांस आपल्या गावी परत जाता आले नाही. कारण ज्या गावांतून त्यांस उठविले ती गावे आता रशियाच्या हद्दीत होती. पंचगंगेच्या खोऱ्यात पोलिश मुले का वाढली, असे कोणी विचारले तर उत्तर हेच की, मॉस्कोत एका रात्री दोन माणसांनी नकाशावर एक रेषा मान्य केली. ती मंडळी निघून गेल्यावर त्याच जागी फाळणीमुळे घर हरपलेले सिंधी बांधव वसले. आजचे गांधीनगर ते हेच. एका जागेने दोनदा निर्वासितांस आसरा दिला. मोठ्यांच्या रेषांनी जे मोडले ते कोल्हापूरच्या मातीने काही काळ जोडून धरले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

ती गुप्त पुरवणी पुढे उघडकीस आली. मूळ जर्मन कागद नष्ट झाले, पण एका अधिकाऱ्याने त्यांची सूक्ष्म छायाचित्रे जपून ठेवली होती. त्यांवरून अमेरिकेने १९४८ साली ती छापली. रशियन सरकार मात्र असा कागद नाहीच म्हणून चाळीसाहून अधिक वर्षे सांगत राहिले. १९८९ च्या २३ ऑगस्टला, तहास पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, एस्टोनिया, लाट्व्हिया व लिथुएनिया येथील वीस लाखांच्या आसपास स्त्रीपुरुष रस्त्यावर आले, आणि टॅलिनपासून रीगामार्गे व्हिल्नियसपर्यंत, सहाशे किलोमीटरांहून अधिक लांब, हातात हात घालून उभे राहिले. त्यांनी दगड उचलला नाही. ज्या बैठकीत त्यांच्या आईबापांस बोलावले नव्हते, त्या बैठकीस ते पन्नास वर्षांनी हजर झाले, इतकेच. त्याच वर्षी डिसेंबरात मॉस्कोच्या लोकप्रतिनिधी सभेने गुप्त पुरवणी अस्तित्वात होती हे मान्य करून तिचा निषेध केला. मूळ रशियन प्रत १९९२ साली तेथील दप्तरखान्यातून बाहेर आली.

आता आपण खेड्यापाड्यांतील माणसांनी यातून काय घ्यावे? मोठ्या राष्ट्रांचे आतून काय ठरले आहे हे आपणांस आजही कळत नाही, आणि बहुधा कळणारही नाही. असे असता चावडीवर बसून अमक्याचे तमक्याशी संगनमत आहे असे छातीठोकपणे सांगणे हा शहाणपणा नव्हे. तर्क हा तर्क म्हणून सांगावा, बातमी ही बातमी म्हणून सांगावी. दोहोंची सरमिसळ करून लोकांस भिवविणे हेही एक असत्यच आहे. संशयाने जग ओळखू येत नाही, हे स्टालिनच्या उदाहरणाने दाखविले. आणि कागदावर आंधळा विश्वास ठेवल्याने घर वाचत नाही, हे पोलंडच्या. या दोहोंमध्ये मार्ग आहे. जो ठराव आपल्यापुढे येईल त्यात काय लिहिले आहे हे पाहावे, काय गाळले आहे हेही पाहावे, आणि बैठकीत कोण नाही हे सर्वांआधी पाहावे.

हा नियम परराष्ट्रमंत्र्यांहून आपणांस पाळावयास सोपा आहे. म्हणून आपली जबाबदारीही अधिक. भावाभावांची वाटणी होते, आणि सासरी गेलेल्या बहिणीस केवळ अंगठा करण्यास बोलावतात. मंडळीच्या पंचांची सभा भरते, आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे तो बाहेर ओसरीवर बसलेला असतो. मुलीचे लग्न ठरते, देणेघेणे ठरते, व मुलीस शेवटी कळते. ग्रामसभेत जे मांडावयाचे ते आदल्या रात्री चौघांत ठरून गेलेले असते. या प्रत्येक ठिकाणी आपण लहानशा मॉस्कोत बसलेले असतो, आणि आपल्या हाती पेन्सिल असते. शिक्षक व उपदेशक बंधूंस आमची विशेष विनंती आहे की, लोक तुम्हांस लिहिता येते म्हणून बोलावतात. तेव्हा कागद लिहिण्यापूर्वी एवढे विचारा की, ज्याचे नाव यात आहे तो कोठे आहे? तो आल्यावर लिहू. कदाचित यामुळे कोणी रागावेल, कदाचित तो कागद त्या दिवशी लिहिलाच जाणार नाही. न लिहिला गेला तर बरेच झाले. जो कागद त्याच्या समोर वाचता येत नाही, तो दिव्याच्या उजेडात कितीही सुंदर दिसला, तरी त्यावर आपली सही असू नये.